रंग कोणाचे आणि रोग कोणाचे?

बंगळूर शहराच्या आग्नेय अंगाला, कोरमंगलापासून सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड आज देशाच्या नव्या समृद्धीचा राजमार्ग म्हणून दाखविला जातो. संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, उंचच उंच वसाहती आणि त्यांच्या पायथ्याशी कपड्यांची झगमगती दुकाने असे या रस्त्याचे रूप आहे. पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथून नोकरीसाठी गेलेली कितीतरी मराठी कुटुंबेही याच्या दुतर्फा राहतात. गंमत अशी की, ज्या गावाचे नाव या रस्त्याला मिळाले ते सर्जापूर एके काळी तलम मलमलीसाठी नावाजलेले विणकरांचे गाव होते. आता तेथे जाणाऱ्या रस्त्यावर कापड विणले जात नाही, फक्त विकले जाते.

या विक्रीत अलीकडे एका नव्या मालाची भर पडली आहे. त्याचे नाव ‘निर्धोक कपडा’. तान्ह्या मुलाचे अंगडे असो की अंथरायची चादर असो, तिच्यावर ‘घातक रसायनांपासून मुक्त’, ‘नैसर्गिक रंगात रंगविलेले’ अशी चिठ्ठी लावलेली असते आणि किंमत साध्या कपड्याहून पुष्कळ चढी असते. सुशिक्षित आईबाप ती किंमत मोजतात. मुलाच्या जिवापुढे पैशाची पर्वा कोण करील? त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

परंतु ही चिठ्ठी जे सांगते त्याहून जे सांगत नाही ते अधिक महत्त्वाचे आहे. निर्धोक कपडा वेगळा काढून वेगळ्या भावाने विकावा लागतो, याचा अर्थ उरलेला कपडा तितका निर्धोक नाही, ही कबुली बाजारच देत असतो. मग तो उरलेला कपडा कोणी अंगावर घालायचा? तो कोणी शिवायचा? तो कोणी रंगवायचा? आणि ज्या रंगाने तो रंगतो तो रंग कोणाच्या हातांनी, कोणाच्या फुप्फुसांच्या आणि मूत्राशयांच्या मोलाने तयार होतो? या प्रश्नांची उत्तरे दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी त्या दुकानातील एखादा साधा शर्ट घेऊन तो जेथून आला तेथपर्यंत उलटा प्रवास करावा लागतो.

अंगावरच्या कपड्यात काय असते?

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. भीतीचा बाजार मांडणे हा भांडवलदारांचा धंदा आहे. कष्टकऱ्यांच्या कैवाऱ्यांना तो शोभणारा नाही. बाजारातील हजारो कृत्रिम रंगांपैकी बहुसंख्य रंग अंगावर घातल्याने कर्करोग होतो, असे विज्ञान म्हणत नाही. मात्र ‘ॲझो’ नावाच्या मोठ्या वर्गातील काही रंग असे आहेत की, त्वचेवरील व आतड्यातील जीवाणूंच्या आणि यकृतातील विकरांच्या क्रियेने त्यांचे रेणू फुटतात आणि त्यांतून बेंझिडीनसारखी ॲरोमॅटिक अमाइन्स मोकळी होतात. बेंझिडीन माणसात कर्करोग उत्पन्न करते, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिडीनला आणि शरीरात गेल्यावर ज्यांचे बेंझिडीन होते अशा रंगांना पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या गटात घातले आहे.

दुसरा धोका त्वचेचा आहे. पॉलिएस्टर रंगविण्यासाठी ‘डिस्पर्स’ जातीचे रंग वापरतात. ते धाग्याला घट्ट बांधलेले नसतात. घामाने आणि घर्षणाने ते सुटून कातडीत उतरतात. त्यांतील निळा १०६ आणि निळा १२४ हे दोन रंग तर त्वचारोगतज्ज्ञांना चांगलेच परिचित आहेत. काख, मानेची मागची बाजू, मांड्यांचा आतला भाग अशा जेथे कपडा घासतो त्या जागी त्यांच्यामुळे खाज, चट्टे आणि इसब उठते. गडद निळ्या-काळ्या, स्वस्त, घट्ट पॉलिएस्टर कपड्यात बारा-बारा तास राबणारा माणूस कोण असतो? तो वातानुकूलित कचेरीत बसणारा क्वचितच असतो. तो त्या कचेरीच्या दारावर गणवेश घालून उभा असलेला रखवालदार असतो, तिच्या फरशा पुसणारी बाई असते, तिच्यात जेवण पोहोचविणारा दुचाकीवरील पोऱ्या असतो. तिसरी गोष्ट फॉर्माल्डिहाइडची. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर चढविलेल्या राळेतून तो वायू थोडाथोडा सुटत राहतो. नवा कपडा घालण्यापूर्वी धुवावा, हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला म्हणूनच शहाणपणाचा आहे.

एवढी काळजी घेतली की कपडा घालणाऱ्याचा धोका बराच कमी होतो. पण धुण्याने जो धोका कमी होतो तो नाहीसा होत नाही, गटारात जातो. आणि जो धोका कपडा दुकानात येण्यापूर्वीच कोणी सोसला, तो तर धुतल्यानेही परत जात नाही.

शर्टाचा उलटा प्रवास

सर्जापूर रोडपासून थोड्याच अंतरावर बोम्मनहळ्ळी आणि होसूर रोडचा पट्टा आहे. तेथल्या कपडे शिवण्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया यंत्रांवर वाकलेल्या असतात. त्यांत कर्नाटकाच्या खेड्यांतून आलेल्या आहेत, तशाच ओडिशा-झारखंडातून वसतिगृहांत आणून ठेवलेल्या कोवळ्या मुलीही आहेत. ग्राहक एक शर्ट अंगात घालतो. या स्त्रियांच्या हातांखालून दिवसाकाठी अशा शेकडो शर्टांचे तुकडे जातात, आणि तेही न धुतलेले, कारखान्यातून आलेले कोरे. कापडाची रंगीत फूस हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. राळ चढविलेल्या कापडाच्या ढिगातून फॉर्माल्डिहाइड सुटते ते त्यांच्या डोळ्यांत चुरचुरते. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटातील कर्करोगकारक ठरविले, तेव्हा अमेरिकेतील कपडे-कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासही त्यांच्यापुढे होता. आपल्याकडे अशा किती कारखान्यांत हवा मोजली जाते?

शर्ट आणखी मागे नेला की, रंगाईचे कारखाने लागतात. येथे महाराष्ट्राच्या वाचकाला बंगळूर सोडून स्वतःच्या घरी यावे लागेल, कारण इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलेले कापड तेथल्याच ‘प्रोसेस’मध्ये धुतले, विरंजित केले आणि रंगविले जाते. जिगरवर उभा असलेला कामगार उघड्या हातांनी कॉस्टिक, हायड्रो आणि रंगाची भुकटी हाताळतो. ‘रिॲक्टिव्ह’ रंगांची भुकटी श्वासावाटे गेल्याने दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. या रंगांचा एक भाग, काही वेळा तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, कापडाला धरतच नाही. तो मिठाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. इचलकरंजीत ज्या प्रवाहाला लोकांनी ‘काळा ओढा’ असेच नाव दिले, तो हे पाणी पंचगंगेत नेतो; आणि पंचगंगा ते शिरोळ तालुक्यातून नरसोबावाडीला कृष्णेच्या स्वाधीन करते. वाडीला दत्तदर्शनाला जाणारा भाविक त्याच संगमाचे पाणी तीर्थ म्हणून घेतो. मेलेल्या माशांचा खच बंधाऱ्यांवर लागला की अधिकारी येतात, नमुने घेतात, नोटिसा काढतात आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत सर्व शांत होते.

हीच कहाणी तामिळनाडूच्या तिरुपूरमध्ये नोय्यल नदीच्या काठी घडली. शेतीला पाणी मिळावे म्हणून ओरत्तुपाळयम येथे बांधलेले धरण १९९२ मध्ये पूर्ण झाले, आणि काही वर्षांतच त्यात पावसाच्या पाण्याऐवजी रंगाईच्या कारखान्यांचे खारट सांडपाणी साठू लागले. अखेर ज्या शेतकऱ्यांसाठी ते बांधले त्यांनीच ‘आमच्या धरणात पाणी साठवू नका’ म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले! धरणाविरुद्ध दाद मागणारा लाभधारक शेतकरी जगाच्या पाठीवर इतरत्र क्वचितच सापडेल. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या आसपास रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. तोवर जमिनी नासल्या होत्या आणि विहिरी खारावल्या होत्या.

मुंबईच्या परिसरात उल्हासनगरच्या जीन्स धुण्या-रंगविण्याच्या शेकडो लहान कारखान्यांनी वालधुनी नदीचे जे केले ते याहून वेगळे नव्हते. हे प्रकरण हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि कारखान्यांना टाळी लागली. टाळे लागले की मालक यंत्रे उचलून दुसरीकडे नेतो. मजुराला मात्र बिऱ्हाड उचलून रोजी शोधत हिंडावे लागते.

प्रवासाचा शेवटचा टप्पा म्हणजे रंगाचा कारखाना. ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली. एका कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या निळ्या रंगाने त्यांची अंगे माखली होती. छायाचित्रे जगभर छापली गेली, प्राणिमित्रांनी तक्रार केली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद केला. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री तो पाहावयास गेले. मुक्या जनावरांची दया करणे हे माणुसकीचेच लक्षण आहे आणि त्या तक्रारदारांचे अभिनंदनच केले पाहिजे. पण ज्या भिंतीबाहेर कुत्री निळी झाली, त्या भिंतीच्या आत पाळीमागून पाळी काम करणारी माणसे काय रंगाची झाली होती, हे पाहण्यासाठी कोणी छायाचित्रकार गेला नाही. कुत्र्याच्या केसांवरचा रंग दिसतो. कामगाराच्या मूत्राशयाच्या अस्तरावरचा रंग दिसत नाही. तो वीस-पंचवीस वर्षांनी लघवीतील रक्ताच्या रूपाने दिसतो, आणि त्या वेळी त्याचे नाव कारखान्याच्या कोणत्याही हजेरीपटावर उरलेले नसते.

रंगाच्याही आधी रंगाचा कच्चा माल असतो. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावी १९८८ च्या सुमारास रंगासाठी लागणारे ‘एच ॲसिड’ परदेशी पाठविण्यासाठी बनविले जाऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद आहे त्याप्रमाणे केवळ ३७५ टन माल तयार झाला आणि त्यापोटी सुमारे २,४४० टन विषारी गाळ मागे राहिला. विहिरींचे पाणी काळसर लाल झाले, जमिनी ओसाड पडल्या. माल बंदरातून गेला, गाळ गावात राहिला. न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘जो प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व ठणकावून सांगितले. तरीही भरपाई टाळण्यासाठी मालकांनी अर्जांवर अर्ज केले, आणि २०११ मध्ये न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश काढावा लागला.

एक शतकाचे मौन

हे सारे अजाणतेपणी घडले, असे कोणी म्हणेल तर ते धादांत असत्य होय. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. अवघ्या चाळीस वर्षांत, १८९५ मध्ये, फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदाने फुक्सिन रंग बनविणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाचे कर्करोग आढळल्याचे जाहीर केले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने याच विषयावर अहवाल काढून बेंझिडीनकडे बोट दाखविले. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये रंग-कामगारांच्या मृत्यूंची मोजदाद होऊन शंकेला जागाच उरली नाही, आणि १९६७ मध्ये त्या देशाने बेंझिडीनवर कायद्याने बंदी घातली.

मग हा उद्योग थांबला का? मुळीच नाही. ज्या मालाचे उत्पादन पश्चिमेकडील देशांत महाग आणि अडचणीचे झाले ते गुजरात-महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींत आले. रंगाची गरज तेथलीच, कारखाना येथला. कापड तेथल्या अंगावर, कर्करोग येथल्या शरीरात अशी ही नवी श्रमविभागणी होती. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बेंझिडीन आणि त्यापासूनचे रंग यांच्या संपर्कात काम करणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातील पेशींच्या डीएनएला या विषाचे अंश चिकटलेले आढळले, असे त्यात दाखविले होते. ते कामगार अमेरिकेतले नव्हते. ते अहमदाबादचे होते. रेनच्या निवेदनानंतर एकशे एक वर्षांनी शास्त्राला तपासण्यासाठी जिवंत, संपर्कात असलेले कामगार हवे होते, ते भारतात मिळाले!

कायदा कोणासाठी जागा झाला?

आता आपल्या कायद्याकडे पाहू. भारत सरकारने बेंझिडीनवर आधारलेल्या ४२ रंगांवर १९९३ मध्ये बंदी अंमलात आणली. त्यानंतर १९९४ मध्ये जर्मनीने आपल्या ग्राहकांच्या कपड्यांत घातक अमाइन्स देणारे रंग चालणार नाहीत, असा नियम केला. सोलापूरच्या टॉवेलपासून तिरुपूरच्या बनियनपर्यंत सर्व निर्यातदारांची धावपळ उडाली. तपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या, आणि २६ मार्च १९९७ रोजी भारत सरकारने आणखी ७० ॲझो रंगांवर बंदीची अधिसूचना काढली. २००२ मध्ये युरोपीय संघाने २२ अमाइन्सची यादी करून किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तीही आपल्या निर्यातदारांनी निमूटपणे पाळली.

ही बंदी योग्यच होती. तथापि या तारखांचा क्रम पाहावा. कामगाराचा कर्करोग १८९५ पासून माहीत असताना पाऊण शतकाहून अधिक काळ ज्या गोष्टी ‘शक्य नाहीत’, ‘परवडत नाहीत’ म्हणून टाळल्या गेल्या, त्या परदेशी गिऱ्हाइकाने मागणी करताच दोन-तीन वर्षांत शक्य झाल्या. म्हणजे अडथळा तंत्रज्ञानाचा नव्हता आणि पैशाचाही नव्हता. परदेशी ग्राहकाच्या कातडीला बाजारात किंमत होती. देशी कामगाराच्या मूत्राशयाला नव्हती.

भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात एक संपूर्ण प्रकरण घालण्यात आले. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या त्यांना पाहू देणे, ही मालकाची जबाबदारी ठरली. रंग आणि रंगद्रव्यांचा उद्योग धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. व्यवसायजन्य कर्करोग हा सरकारला कळविणे सक्तीचे असलेला रोग ठरला. कागदावर यात काय उणे होते? पण रोग वीस वर्षांनी होतो आणि ठेकेदाराचा मजूर वीस महिनेही एका जागी टिकत नाही. ज्याची नोंदच नाही त्याचा रोग कोण कळविणार?

आणि आता तर कायद्याचा उंबरठाच उंच करण्यात आला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार वीजशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणी वीस आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी चाळीस कामगार असतील तरच तो ‘कारखाना’ होय. १९४८ च्या कायद्यात हे आकडे दहा आणि वीस होते. ज्यांनी इचलकरंजी, उल्हासनगर किंवा सोलापूरचे डाईंग पाहिले आहे त्यांना सांगावयास नको की, पंधरा-सोळा माणसांवर चालणारी रंगाईघरेच तेथे अधिक असतात. धोकादायक कामाच्या ठिकाणी कमी संख्येलाही नियम लावण्याचा अधिकार सरकारने हाती ठेवला आहे, हे खरे. मालकाला सूट आपोआप मिळते आणि कामगाराला संरक्षण मात्र सरकारच्या मर्जीने, एवढाच त्याचा अर्थ.

मालकांचे तीन युक्तिवाद

पहिला युक्तिवाद असा की, बंदी घातलेले रंग आता कोणी वापरतच नाही, तेव्हा हा प्रश्न जुना झाला. तसे असेल तर फार चांगले. पण हे कोणी तपासले? निर्यातीच्या गाठीबरोबर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र जाते. आठवडी बाजारात झाडाखाली मांडलेल्या लहान मुलांच्या झबल्याबरोबर कसले प्रमाणपत्र येते? कपड्याच्या पट्टीवर सूत किती आणि पॉलिएस्टर किती हे छापतात. रंग कोणता हे सांगण्याचे बंधन नाही. तपासणीची रीत भारतीय मानक संस्थेने २००५ मध्येच घालून दिली आहे. उणीव आहे ती देशी बाजारातील कापड त्या रीतीने नियमितपणे तपासून निष्कर्ष लोकांपुढे मांडण्याची.

दुसरा युक्तिवाद रोजगाराचा. नियम कडक केले तर धंदा बुडेल आणि मजूर उपाशी मरेल, असा गळा मालक काढतात. ज्यांनी मजुराला कधी किमान वेतनही राजीखुशीने दिले नाही, त्यांना त्याच्या भाकरीचा हा उमाळा नेमका प्रदूषण मंडळाची नोटीस आल्यावरच कसा येतो? तिरुपूरने याचे उत्तर दिले आहे. २०११ च्या बंदीनंतर तेथे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणारी सामाईक केंद्रे चालू झाली आणि तेथून होणारी निर्यात पुढील वर्षांत घटली नाही, वाढली. मधल्या काळाचा भार मात्र लहान रंगारी आणि रोजंदारी मजूर यांच्यावर पडला. ज्या मोठ्या परदेशी आणि देशी व्यापारी नावांखाली तो माल विकला जातो त्यांनी आपल्या नफ्यातून या शुद्धीकरणाचा वाटा उचलला पाहिजे, असे कोणत्याही आदेशाने त्यांना सांगितले नाही. खरा प्रश्न तोच आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवा. ग्राहकाने जागरूक व्हावे, नैसर्गिक रंगाचे कपडे घ्यावेत, म्हणजे बाजार आपोआप सुधारेल, असे म्हणतात. सर्जापूर रोडवरील ती चिठ्ठी हेच सांगते. पण ही निवड खिशाची आहे. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या मुलाला निर्धोक कपडा, आणि त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला उरलेला! नैसर्गिक रंगांची थोरवी कोणी नाकारीत नाही. नीळ, आल, हिरडा आणि तुरटी यांवर महाराष्ट्रातील रंगारी आणि निराळी यांनी शतकानुशतके आपली कला उभी केली. पण नैसर्गिक रंगालाही पिळवणुकीचा इतिहास आहे. १९१७ मध्ये चंपारणचा शेतकरी उठला तो निळीच्याच जुलमाविरुद्ध. दीडशे कोटींच्या देशाला वस्त्र पुरविण्याइतका रंग मुळांतून आणि सालींतून निघणार नाही, आणि त्यासाठी अन्नधान्याची जमीन देणे हे शहाणपणही नव्हे. रसायनशास्त्राने गरिबाच्या अंगावर रंगीत कपडा आणला, ही त्याची कामगिरी मोठीच आहे. कर्करोग न देणारे रंग तेच शास्त्र देऊ शकते आणि देतही आहे. ते रंग वापरायचे की स्वस्तातले जुने, हे ठरविणारा हात शास्त्रज्ञाचा नसून कारखानदाराचा असतो.

धुराड्याची आणि नळाची भिंत नसते

सर्जापूर रोडवरील सुखवस्तू रहिवाशाने स्वतःपुरता निर्धोक कपडा घेतला म्हणजे तो सुटला, असेही होत नाही. या रस्त्याच्या टोकाशी असलेले बेळ्ळंदूर तळे त्याची साक्ष आहे. २०१५ मध्ये त्यावर साबणाच्या फेसाचे डोंगर उठले, वाऱ्याने ते रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या अंगावर आले, आणि मे २०१५, फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ अशा तीन वेळा त्या तळ्याने पेट घेतला. हा फेस मुख्यतः घरोघरच्या सांडपाण्याचा होता, रंगाचा नव्हता. पण धडा तोच. एप्रिल २०१७ मध्ये हरित लवादाने तळ्याभोवतीचे कारखाने बंद करावयास सांगितले. नव्या वसाहतींचे सांडपाणी शुद्ध न करताच परवाने वाटणाऱ्यांचे मात्र काही अडले नाही. विष एकदा सार्वजनिक पाण्यात सोडले की, कोणाचे घर कोणत्या मजल्यावर आहे हे ते विचारीत नाही.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या मांडणीवर मिळणार नाही. ते कारखान्यात, प्रयोगशाळेत आणि विधिमंडळात शोधावे लागेल. रंग आणि रंगाईच्या कामावर एक दिवसही राबलेल्या प्रत्येक माणसाची, मग तो ठेकेदाराचा असो की रोजंदारीचा, कायम नोंद ठेवली पाहिजे आणि काम सुटल्यावरही आयुष्यभर त्याच्या लघवीची तपासणी ईएसआयच्या रुग्णालयात फुकट झाली पाहिजे. मूत्राशयाचा कर्करोग लवकर सापडला तर माणूस वाचतो. तपासणीवाचून तो मरतो. धोकादायक कामाचा कायदा एका माणसाच्या रंगाईघरालाही लागू असल्याची अधिसूचना सरकारने काढली पाहिजे. देशी बाजारातील कपड्यांचे, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांचे आणि गणवेशांचे नमुने दरसाल तपासून निष्कर्ष वर्तमानपत्रांत छापले पाहिजेत. सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च ज्यांच्या नावाने माल विकला जातो त्यांच्या नफ्यातून वसूल झाला पाहिजे. आणि प्रदूषणामुळे कारखाना बंद होईल तेव्हा बंदीच्या काळातील मजुरी मालकाने दिलीच पाहिजे. तसे झाले नाही तर नदीकाठचा शेतकरी आणि कारखान्यातला कामगार एकमेकांचे वैरी बनतात, आणि त्या वैरावरच मालक जगतो.

या मागण्या अवास्तव आहेत, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एप्रिल २०१६ मधला होसूर रोड आठवावा. भविष्यनिर्वाह निधीचे स्वतःचेच पैसे काढण्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले, तेव्हा बोम्मनहळ्ळीच्या याच शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया हजारोंनी रस्त्यावर उतरल्या. लाठ्या खाल्ल्या, अश्रुधूर सोसला, पण दोन दिवसांत दिल्लीला तो नियम मागे घ्यावा लागला. त्यांच्या मागे कोणतीही जाहिरात नव्हती आणि हातात कसलेही प्रमाणपत्र नव्हते. ज्यांनी आपल्या पैशाचा हिशेब मागितला, त्या उद्या आपल्या हातांखालून जाणाऱ्या कापडावर कोणता रंग आहे, त्यात काय मिसळले आहे आणि त्याने आपले काय होणार आहे, याचाही हिशेब मागू शकतात. तो हिशेब प्रथम त्यांना मिळाला पाहिजे. दुकानातल्या चिठ्ठीवर तो त्यानंतर छापावा.